लेक म्हणते, मला रेडिओ शिकायचाय



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांचा हिशेब झाला, वही मिटली, चहा आला. तेवढ्यात एक ताई हळूच म्हणाल्या, "माझी पोरगी बारावी झाली. तालुक्याच्या कॉलेजात रेडिओचं शिकायचं म्हणते. दुसरं काही सांगितलं तर ऐकत नाही. रेडिओचं शिकून काय करणार हो ती?"

शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "बडबड करायला कॉलेज कशाला लागतंय? ती तर आमी बिनफीची करतो."

सगळ्या हसल्या. त्या ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्यासाठी हा लेकीच्या तीन वर्षांचा प्रश्न होता, फीच्या पैशांचा होता, आणि 'पोरगी उशिरा घरी येते' असं म्हणणाऱ्या भावकीचाही होता. मी तिथे दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते त्यांना पुरलं नाही, आणि मलाही पुरलं नाही. म्हणून आज सविस्तर बोलते. रेडिओचं शिक्षण म्हणजे नेमकं काय, ते लहान कॉलेजात नीट मिळतं का, त्यातून पोट भरतं का, आणि नाव घालण्याआधी आईनं काय काय विचारून घ्यावं, हे सगळं पाहू.

आधी एक गोष्ट सांगते. तालुक्याच्या कॉलेजात रेडिओ आला कसा? आपल्या लहानपणी रेडिओ म्हणजे आकाशवाणी. मुंबई, पुणे, नागपूर, जळगाव अशी केंद्रं होती. 'आपली आवड' लागलं की घरातली कामं त्या गाण्यांच्या तालावर व्हायची. पण त्या माईकपर्यंत आपल्यातली एखादी पोहोचणं म्हणजे मोठी गोष्ट होती.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. खटला क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून होता, पण त्यात न्यायालयानं जे म्हटलं ते तुमच्या-माझ्या कामाचं होतं. हवेतून जाणाऱ्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर कुणा एकाची मक्तेदारी नाही, असं न्यायालयानं सांगितलं. गावाचं गायरान जसं सगळ्या गावाचं, तसंच हे. पुढे २००२ साली सरकारनं शिक्षणसंस्थांना स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र चालवायची परवानगी देण्याचं ठरवलं. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात 'अण्णा एफएम' सुरू झालं. कॉलेजच्या आवारातलं देशातलं हे पहिलं सामुदायिक रेडिओ केंद्र. २००६ साली नियम आणखी सैल झाले आणि स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांनाही परवाने मिळू लागले.

आपल्याकडे पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आली, बारामतीला विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' आली. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशीच्या बायांनी 'माणदेशी तरंग वाहिनी' उभी केली. यातली काही केंद्रं शिक्षणसंस्थांची आहेत, काही लोकसंस्थांची. पण सगळ्यांची ताकद सारखीच लहान. नियमानं या केंद्राच्या प्रक्षेपणाची ताकद १०० वॅटच्या आसपास ठेवावी लागते. आपल्या घरात पूर्वी जो पिवळा बल्ब असायचा तेवढीच म्हणा ना! आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला तर त्याहून कमी. पण त्या दहा-पंधरा किलोमीटरात जी माणसं राहतात, ती एकमेकांना ओळखतात. लहान कॉलेजाची खरी शाळा इथेच आहे. ती कशी, ते पुढे सांगते.

आता मुलगी तिथे शिकते काय?

पुष्कळ जणींना वाटतं की गोड आवाज असला की झालं. गोड आवाज चांगलाच, पण ते या कामातलं चार आण्याचं काम. उरलेलं बारा आण्याचं काम श्रोत्याला दिसत नाही. एक उदाहरण घेऊ. दहा मिनिटांचा एक कार्यक्रम करायचा आहे. विषय आहे शेळ्यांना पावसाळ्याआधी द्यायची आंत्रविषाराची लस. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत येतं, शेळ्या अधाशासारख्या खातात, आणि हा रोग एका रात्रीत चांगली धडधाकट शेळी नेतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

पहिलं काम माहिती काढायचं. मुलगी जनावरांच्या दवाखान्यात जाते. डॉक्टरांना काय विचारायचं ते आधी वहीत लिहून नेते. 'लस चांगली असते का?' असं विचारलं तर डॉक्टर 'हो' म्हणतील आणि गप्प बसतील. 'मागच्या वर्षी लस दिली होती, यंदा परत का द्यायची?' असं विचारलं तर ते पाच मिनिटं बोलतील. प्रश्न कसा विचारायचा, हा शिक्षणाचा पहिला धडा.

दुसरं काम रेकॉर्डिंग. मुलाखतीत माईक तोंडापासून साधारण एक वीत लांब आणि जरासा बाजूला धरायचा. अगदी समोर धरला तर 'प', 'फ', 'भ' म्हणताना श्वासाचा धपकन आवाज येतो. पंखा बंद करायचा. मोबाइल बंद करायचा. कानाला हेडफोन लावून ऐकत राहायचं, कारण आपल्या कानाला सवय झालेली असते. बाहेरून गेलेला टेम्पो, शेजारची पिठाची गिरणी आपल्याला ऐकू येत नाही, माईकला येते. आवाज घुमत असेल तर भिंतीला गोधडी टांगायची. हसू नका, खरंच सांगते. ज्या कॉलेजात भारी स्टुडिओ नाही तिथे गोधडीनं काम भागतं, आणि भागतं ते चांगलं भागतं.

मग मुलगी एका शेळी पाळणाऱ्या मावशींकडे जाते. मावशी माईक बघून गप्प होतात. त्यांना बोलतं करायचं, म्हणजे आधी शेळ्यांची नावं विचारायची, दूध किती देते विचारायचं, चहा घ्यायचा आणि मग हळूच विषयावर यायचं. हे कुठल्या पुस्तकात शिकवता येत नाही. दहा मावश्यांकडे जावं लागतं.

तिसरं काम म्हणजे एडिटिंग. डॉक्टर आणि मावशी मिळून चाळीस मिनिटं बोलल्या. वेळ आहे दहा मिनिटांची. मुलगी कॉम्प्युटरवर बसते. 'ऑडॅसिटी' नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यावर आवाजाची रेघ दिसते, आणि धान्य निवडावं तसे खडे वेचून काढता येतात. पण इथे मोठी जबाबदारी असते. डॉक्टर म्हणाले, 'लस टोचून घ्या, पण शेळी आजारी असेल तर आधी आम्हांला दाखवा.' मुलीनं वेळ वाचवायला 'पण' पासूनचं पुढचं कापलं, तर वाक्य सुबक होतं आणि सल्ला घातक होतो. वेळ कापायचा, अर्थ कापायचा नाही. हा धडा एकदा हातानं शिकलेली मुलगी आयुष्यभर विसरत नाही.

चौथं काम लिहायचं. रेडिओवर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बसतात. वाचणारा मागचं पान उलटून बघू शकतो, ऐकणारा नाही. म्हणून वाक्य लहान ठेवायचं, एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची. तारीख, वेळ आणि ठिकाण दोनदा सांगायचं. आकडा मोठा असेल तर ओळखीच्या मापात सांगायचा.

आणि पाचवं काम म्हणजे प्रत्यक्ष प्रसारण. घड्याळ, माईकचं बटण, आवाज वरखाली करायची पट्टी, पुढचा कार्यक्रम तयार ठेवणं, आणि काय वाजलं, किती वाजता वाजलं याची नोंद वहीत करणं. लाइट गेली तर बॅटरीवर येणं. आठ-दहा सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर माणूस म्हणतं, 'बंद पडला वाटतं', आणि दुसरीकडे वळतं. त्या आठ सेकंदांत डोकं शांत ठेवायचं, हेही शिक्षणच.

बघा, एका दहा मिनिटांच्या कार्यक्रमात किती विद्या आली! विचारणं, ऐकणं, लिहिणं, यंत्र हाताळणं, वेळ पाळणं, जबाबदारी घेणं. बडबड कुठेतरी शेवटी आली.

आता लहान कॉलेज की मोठं कॉलेज, हा प्रश्न.

मोठ्या शहरातल्या नामांकित संस्थेत भारी स्टुडिओ असतो, अनुभवी शिक्षक असतात, मोठं ग्रंथालय असतं, मोठ्या वाहिन्यांची माणसं भाषणं द्यायला येतात. हे सगळं खरं आहे आणि त्याची किंमतही खरी आहे. पण काही ठिकाणी असं होतं की एका माईकमागे साठ मुलं असतात. पहिलं वर्ष संपलं तरी बटणाला हात लागलेला नसतो. केलेलं काम गुण मिळाले की कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात पडून राहतं, ते कुणी ऐकत नाही.

लहान कॉलेजात माणसं कमी आणि कामं जास्त असतात. सकाळचा कार्यक्रम करणारी मुलगी आजारी पडली की दुसरीला बसावंच लागतं. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही दोन महिन्यांत 'आता तू बोल' असं सांगितलं जातं. आणि तिचं बोलणं खरंच बाहेर जातं. तिची मावशी ऐकते, तिच्या बसचा कंडक्टर ऐकतो, दवाखान्यातले डॉक्टर ऐकतात.

ऐकणारं माणूस ओळखीचं असणं म्हणजे काय असतं, ते माझ्याच एका चुकीवरून सांगते. मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. जनावरांच्या लसीकरण शिबिराची सूचना वाचायची होती. कागदावर तारीख घाईत लिहिलेली होती. मी ती कुणाला न विचारता वाचली, आणि एक दिवस आधीची वाचली. दुसऱ्या दिवशी चार वाड्यांवरच्या बाया शेळ्या हाकत, मे महिन्याच्या उन्हात, दोन-दोन कोस चालत दवाखान्यावर आल्या. दवाखान्याला कुलूप. त्यातल्या एकीनं त्या दिवसाची मजुरी बुडवली होती. संध्याकाळी त्या सरळ आमच्या केंद्रावर आल्या आणि मला विचारलं, "बाई, तू सांगितलंस म्हणून आलो. आता आमचा रोज कोण देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या मॅडमनी मला त्याच संध्याकाळी माईकवर बसवलं, चूक माझ्या तोंडून कबूल करायला लावली आणि बरोबर तारीख तीनदा वाचायला लावली. परीक्षेत तारीख चुकली असती तर अर्धा गुण गेला असता. इथे कुणाची तरी मजुरी गेली. त्या दिवसापासून आजपर्यंत मी कुठलीही तारीख फोन करून खात्री केल्याशिवाय वाचलेली नाही.

मी जे म्हणते ते एवढंच, मैत्रिणींनो. रेडिओचं शिक्षण इमारतीत नसतं. हाताला काम आणि समोर खरा ऐकणारा असला की ते होतं. हे दोन्ही जिथे असेल ते कॉलेज लहान असलं तरी चांगलं. आणि यातलं एकही नसेल तर कॉलेज लहान असो की मोठं, फी वाया जाते. कारण लहान म्हणजे आपोआप चांगलं असंही नाही. काही लहान कॉलेजांत स्टुडिओच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली साहेबांच्या खिशात असते. पाहुणे आले की तेवढं उघडायचं. तिथे पोरगी तीन वर्षं फक्त वहीत माईकचं चित्र काढते.

आता भाषेबद्दल बोलते, कारण आपल्या पोरी इथेच मागे सरतात. 'मॅडम, माझं बोलणं गावंढळ आहे', हे वाक्य मी किती मुलींच्या तोंडून ऐकलंय! न आणि ण, ल आणि ळ यांत गोंधळ होतो म्हणून त्या माईकसमोर यायला घाबरतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. पहिली, प्रमाण मराठी बोलायला शिकायचंच. आकाशवाणीच्या आवाज चाचणीत उच्चार तपासतात, मोठ्या शहरात काम हवं असेल तर ते लागतं. रोज सकाळी दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं की सहा महिन्यांत फरक पडतो. दुसरी गोष्ट, आपली बोली टाकायची नाही. सामुदायिक रेडिओचा नियमच असा आहे की किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले हवेत, आणि तेही शक्यतो तिथल्या भाषेत. माणदेशी, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारी मुलगी तिथे कमी नाही, उलट तिची गरज असते. शेळीवाल्या मावशी प्रमाण भाषेला बुजतात, पण 'काय वं मावशी, कशी हाईस?' म्हटलं की खुलतात. ज्या मुलीला दोन्ही येतं, तिला दोन्ही दारं उघडी.

गाण्यांचंही तसंच. सिनेमातली गाणी फुकट वाजवता येत नाहीत, त्यांचे हक्क असतात, पैसे भरावे लागतात. म्हणून छोट्या केंद्रांना जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची आणि हळदीची गाणी, भारुडं हवी असतात. ती कुठे आहेत? तुमच्याकडे! मुलगी ती रेकॉर्ड करायला शिकते, आणि गाणाऱ्या आजीची परवानगी घ्यायला, तिचं नाव सांगायलाही शिकते.

आता पोटापाण्याचं. इथे मी गोड बोलणार नाही. रेडिओचा कोर्स केला की पक्की नोकरी, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून काम मिळतं, पण त्यासाठी लेखी परीक्षा आणि आवाज चाचणी असते, आणि पैसे महिन्याला नाही, तर ड्युटीप्रमाणे मिळतात. खाजगी एफएम केंद्रं मोठ्या शहरांत आहेत, तिथे जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. सामुदायिक केंद्रांचं स्वतःचंच उत्पन्न मर्यादित. जाहिराती घेता येतात, पण तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटं, आणि गावातला दुकानदार देऊन देऊन किती देणार? म्हणून तिथलं मानधन बेताचं असतं.

पण हातात आलेली विद्या एकाच दुकानात विकावी लागत नाही. माईक, एडिटिंग आणि लिहिणं येणारी मुलगी जाहिरातींना आवाज देते, बोलत्या पुस्तकांचं वाचन करते, कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करते. सहकारी संस्थांसाठी, आरोग्याच्या आणि शेतीच्या संस्थांसाठी माहितीचे कार्यक्रम करून देते, वर्तमानपत्रात बातमीदार होते. आपला तालुका सोडायचा नसेल तरी यातली काही कामं घरून होतात. मात्र पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची जातात, हे आधीच धरून चाला. म्हणून माझा सल्ला असा की मुलीनं नुसता सहा महिन्यांचा कोर्स करून थांबू नये. विद्यापीठाची पदवी हातात घ्यावी. बी.ए. करता करता रेडिओ शिकता आला तर उत्तम, म्हणजे पुढे बी.एड.ची किंवा स्पर्धा परीक्षेची वाटही उघडी राहते. बहुतेक ठिकाणी जनसंज्ञापनाच्या पदवीला कुठल्याही शाखेची बारावी चालते. विज्ञान शाखाच हवी असं नाही.

आता आईनं काय करायचं? वरातीला जातो तसं नाही, सोयरिकीला जातो तसं कॉलेज बघायला जायचं. घर नुसतं बाहेरून बघायचं नाही, चूल पेटते का ते बघायचं. मी सांगते ते प्रश्न एका कागदावर लिहून घ्या.

एक. तुमचं स्वतःचं केंद्र खरंच प्रसारण करतं का? किती नंबरवर लागतं? घरी येऊन तो नंबर लावून ऐका. आपल्या गावाला लागत नसेल तर जवळच्या गावात ऐका.

दोन. पहिल्या वर्षाच्या मुलींना माईकला हात लावू देता का? आठवड्याला किती तास? एका वेळी किती मुलं? उत्तर गोल गोल आलं तर समजून जा.

तीन. स्टुडिओ आत्ता, या वेळी उघडून दाखवा. आत कुणी काम करतंय का ते बघा. यंत्रांवर धूळ असेल तर ती धूळच उत्तर देते.

चार. शिकवणारी माणसं कोण? त्यांनी स्वतः कधी रेडिओवर काम केलंय का?

पाच. हा कोर्स कुठल्या विद्यापीठाशी संलग्न आहे? शेवटी पदवी मिळते, पदविका मिळते की नुसतं कॉलेजचं प्रमाणपत्र?

सहा. एकूण खर्च किती? नुसती पहिल्या वर्षाची फी नको. परीक्षा फी, प्रॅक्टिकलची फी, बसचा पास, वसतिगृह, सगळं धरून तीन वर्षांचा आकडा मागा. कोणती शिष्यवृत्ती लागू आहे, महाडीबीटीवर अर्ज कधी भरायचा, त्याला कोणते दाखले लागतात, हे कार्यालयात विचारून तारखेसकट लिहून घ्या. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला काढायला वेळ लागतो, तो आधीच काढून ठेवा.

सात. संध्याकाळच्या प्रसारणाला मुलींची पाळी असते का? असेल तर परत कशा येतात? शेवटची एसटी किती वाजता? सोबत कोण असतं? हा प्रश्न विचारायला लाजू नका. चांगल्या कॉलेजाकडे याचं उत्तर तयार असतं. दोन-तीन मुली एका बाजूच्या असतील तर त्यांची पाळी एकत्र लावता येते, दूरच्या मुलींना सकाळची पाळी देता येते. पण मैत्रिणींनो, एसटी नाही म्हणून मुलीचं शिक्षणच नको, असं उत्तर काढू नका. वेळ बदलून मिळते का ते आधी बघा.

आठ. तीन वर्षांत मुलीनं केलेले कार्यक्रम तिला सोबत न्यायला मिळतात का? पुढे काम मागायला जाताना गुणपत्रिकेपेक्षा 'मी हे केलंय, ऐका' हे जास्त उपयोगी पडतं.

आणि शेवटचा प्रश्न कॉलेजला विचारायचा नाही, तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारायचा: "बाळ, मागच्या आठवड्यात तू काय काम केलंस?" तिनं पटापट सांगितलं तर नाव घाला. ती वर बघायला लागली तर परत फिरा.

आता तुमच्यापैकी काही जणी मनात म्हणत असतील, हे सगळं पोरींचं झालं, आमचं काय? आमचं शिक्षण तर चौथीत सुटलं. तुमच्यासाठी तेलंगणातली गोष्ट सांगते. आपल्या सीमेपासून फार लांब नाही, जहीराबादच्या बाजूला पस्तापूर भागात 'संगम रेडिओ' आहे. १५ ऑक्टोबर २००८ रोजी तो सुरू झाला. तो चालवणाऱ्या बाया दलित समाजातल्या, कोरडवाहू शेती करणाऱ्या, आपल्यासारख्याच गावच्या संघात जमणाऱ्या. कॉलेजच्या पदव्या घेऊन त्या आल्या नव्हत्या, माईक आणि यंत्र त्या करत करत शिकल्या. ज्वारी-बाजरीच्या जुन्या वाणांवर, बियाणं राखण्यावर, आपल्या गाण्यांवर त्या कार्यक्रम करतात. हातानं काम करत शिकायचं, हा नियम कॉलेजच्या मुलीला जसा लागू, तसाच आपल्यालाही.

आणि आपला हक्कही आहे. २०२४ सालच्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सामुदायिक केंद्राच्या सल्लागार आणि कार्यक्रम समितीत निम्म्या तरी बाया असायला हव्यात. तुमच्या जवळ असं केंद्र असेल तर गटानं जाऊन विचारा, समितीत कोण कोण आहे? आमच्या भागातली बाई आहे का? आमच्या गटाला आठवड्यातून एक वेळ मिळेल का? केंद्राला कार्यक्रम हवे असतात आणि तुमच्याकडे विषय असतात. पाणी, रेशन, कर्जाचे हप्ते, बाळंतपण, पोरींची लग्नं, कुठल्या विषयाला तोटा आहे? एक मात्र ध्यानात ठेवा, केंद्राला स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात. त्यामुळे निवडणुकीचं भांडण माईकवर न्यायचं नाही.

त्या ताईंचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्या बैठकीनंतर आठ दिवसांनी मायलेकी दोघी आमच्या स्टुडिओत आल्या. लेकीच्या हातात प्रश्नांचा कागद होता. ताई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, पदर सावरत. मी लेकीला म्हटलं, "हा माईक घे, आईची मुलाखत घे. पाच मिनिटं." ती गडबडली. पहिला प्रश्न विचारला, "तुमचं नाव काय?" आई म्हणाली, "अगं, तुला माहीत नाही का?" आम्ही सगळे हसलो. मग तिनं विचारलं, "आई, तुला शाळा का सोडावी लागली?"

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग बोलायला लागल्या. पाच मिनिटांची पंधरा झाली. आई हे घरात कधी बोलली नव्हती, आणि लेकीनंही कधी विचारलं नव्हतं. रेकॉर्डिंग बंद केलं तेव्हा लेक काही न बोलता हेडफोन कानाला लावून परत ऐकत बसली. आईनं कागद उचलला आणि मला विचारलं, "तो सहावा प्रश्न, एकूण खर्चाचा. तेवढा आकडा लिहून द्या. घरी बसून बघते कसं जमतंय."

नाव घातलं की नाही, ते अजून ठरायचंय. हिशेब जमला तर घालतील. पण 'रेडिओचं शिकून काय करणार' हा प्रश्न त्यांनी मला परत विचारला नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत वही मिटल्यावर एक काम करा. कुणाच्या तरी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा, गटातल्या बारावी झालेल्या पोरीच्या हातात तो द्या, आणि तिला सांगा, गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला तीन प्रश्न विचार. मग सगळ्याजणी मिळून ते ऐका. कोणती पोरगी नीट विचारते आणि नीट ऐकते, ते तुम्हांला लगेच कळेल. अशी पोरगी दिसली तर तिच्या आईला आजचे आठ प्रश्न द्या.